म्युनिकचे पंधरा हजार संगणक: एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

२००२ साली जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेपुढे जो प्रश्न येऊन ठेपला, तो आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीला ओळखीचा वाटेल. संगणक चालू होते, लोकांचा हात बसला होता, रोजचं काम निघत होतं. पण सुमारे चौदा हजार टेबलांवरच्या त्या संगणकांत विंडोज एनटी ४ ही १९९६ सालची प्रणाली होती आणि मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल बंद करत आणली होती. देखभाल बंद झाली की पुढे सुरक्षेत भगदाड सापडलं तरी ते बुजवायला कुणी येत नाही. एका मोठ्या शहराचा कारभार ज्यावर चालतो, तिथे ही जोखीम घेता येत नाही. नवं घेणं भाग होतं. काय घ्यायचं आणि कुणाकडून, एवढंच ठरायचं होतं.

पुढच्या पंधरा वर्षांत या महापालिकेने विंडोज सोडून लिनक्स, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली मुक्त प्रणाली, घेतलं, बहुतेक संगणक त्यावर नेले आणि मग पुन्हा विंडोजकडे परतायचा ठराव केला. या प्रकरणाच्या दोन कहाण्या सांगितल्या जातात. एकीत महापालिका फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागली आणि फसली. दुसरीत सगळं उत्तम चाललं होतं, पण राजकारणाने घात केला. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. संस्थेसाठी संगणक घेताना कोटेशनच्या कागदावर जे कधीच उमटत नाही, ते या प्रकरणात एकामागून एक वर आलेलं दिसतं. म्हणून ते सावकाश पाहायला हवं.

महाग पर्याय निवडला, तो का?

महापालिकेने घाईने निविदा काढली नाही. आधी युनिलॉग या सल्लागार कंपनीकडून पर्यायांचा अभ्यास करून घेतला. नवं विंडोज एक्सपी आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. विंडोज एक्सपी, पण त्यावर मुक्त परवान्याचं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं, ओपनऑफिस. लिनक्स आणि ओपनऑफिस. आणि लिनक्सवरच जुने विंडोजचे प्रोग्रॅम चालवून घेण्याची सोय, असे ते पर्याय होते. तुलना दोन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर निव्वळ पैसे. दुसऱ्या पायरीवर पैशांत न मोजता येणाऱ्या गोष्टी: सुरक्षा, कर्मचाऱ्यांवर पडणारा ताण, बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण आणि एकाच पुरवठादारावर किती अवलंबून राहावं लागेल हा प्रश्न.

पैशांच्या पायरीवर मायक्रोसॉफ्ट जिंकली. त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार मायक्रोसॉफ्टचा पहिला प्रस्ताव सुमारे ३ कोटी ६६ लाख डॉलरचा होता, आणि लिनक्सच्या बाजूने उतरलेल्या आयबीएम आणि सुझे या कंपन्यांचा सुमारे ३ कोटी ९५ लाखांचा. मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी मधेच सोडून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला म्युनिकला आले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आकडा खाली आणत आणत २ कोटी ३७ लाखांवर नेला. जोडीला बऱ्याच सवलती देऊ केल्या. लिनक्सवाले ३ कोटी ५७ लाखांवर थांबले.

फरक १ कोटी २० लाख डॉलरचा होता, तरी २८ मे २००३ रोजी नगरपरिषदेने, म्हणजे महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाने, ५० विरुद्ध ३० मतांनी लिनक्स निवडलं. कारण दुसऱ्या पायरीवर, १० हजार गुणांच्या मोजपट्टीवर, लिनक्सला ६,२१८ गुण पडले होते आणि मायक्रोसॉफ्टला ५,२९३.

निर्णय लिनक्सचा होता म्हणून मला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो असं नाही. पैशांत न बसणाऱ्या गोष्टींना आधी गुण ठरवले, त्यांचं वजन ठरवलं आणि मग मतदान केलं, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वस्तूंच्या सरकारी खरेदीत बहुतेकदा ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, इथेच गाडी थांबते. निविदेच्या तांत्रिक अटी पूर्ण केल्या की पुढे फक्त दर बोलतो. त्यामुळे आपल्या खरेदी समितीतल्या एखाद्याला ‘हा स्वस्त आहे, पण पाच वर्षांनी आपल्याला बांधून टाकेल’ असं वाटलं, तरी ते कागदावर मांडायला जागा नसते. म्युनिकने ती जागा आधीच करून ठेवली होती.

आणि बांधून घेण्याची भीती काल्पनिकही नव्हती. सगळी खरेदी मुळात कशामुळे सुरू झाली? महापालिकेला काही नवं करायचं होतं म्हणून नव्हे. पुरवठादाराने आपल्या सोयीने एक तारीख ठरवली, म्हणून. महापालिकेचं अंदाजपत्रक दुसऱ्याच्या वेळापत्रकावर हलत होतं. नगरपरिषदेला नेमकं तेच बदलायचं होतं.

ठराव झाला, संगणक तेच

२००३ च्या ठरावानंतर पहिला संगणक लिनक्सवर जायला सप्टेंबर २००६ उजाडलं. तीन वर्षं. बाहेरून पाहणाऱ्यांनी याची दिरंगाई म्हणून टवाळी केली, पण मधल्या काळात काय काय झालं ते पाहिलं की वेगळं चित्र दिसतं. आधी वर्षभर सविस्तर आराखडा झाला आणि जून २००४ मध्ये नगरपरिषदेने तो मंजूर केला. लगेच ऑगस्टमध्ये काम थबकलं, कारण युरोपात तेव्हा सॉफ्टवेअरच्या पेटंटचा कायदा चर्चेत होता आणि उद्या कुणी पेटंटचा दावा ठोकला तर महापालिका अडकेल का, हा प्रश्न उभा राहिला. कायदेशीर सल्ला घेऊन काम पुन्हा सुरू झालं.

मग एप्रिल २००५ मध्ये प्रत्यक्ष कामाचा ठेका दिला गेला, तो आयबीएम किंवा सुझेला नाही. सॉफ्टकॉन आणि गोनिकस या तुलनेने लहान जर्मन कंपन्यांना मिळाला, आणि पाया म्हणून डेबियन हे लिनक्स घेतलं गेलं. पुढे पाया बदलून उबुंटू झाला. या सगळ्याला नाव पडलं लिमक्स.

या ठेक्यात एक चांगली गोष्ट आहे. ज्या कंपन्यांच्या आकड्यांवर निर्णय झाला, त्यांच्याच हाती काम गेलं पाहिजे असं बंधन राहिलं नाही. मुक्त परवान्यामुळे ठेकेदार बदलता आला, पाया बदलता आला, पुढे ओपनऑफिसच्या जागी त्यातूनच निघालेलं लिबरऑफिस घेता आलं. पुरवठादारापासून मोकळं राहण्यासाठी गुण दिले होते, ते गुण इथे वसूल झाले.

एकवीस हजार टेम्प्लेट

आता खरी अडचण.

संगणकावर लिनक्स चढवणं हे काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं. म्युनिकला वर्षं लागली ती त्या संगणकांवर पडून असलेल्या वस्तूंमुळे. प्रत्येक खात्याने पत्रांचे, नोटिशींचे, दाखल्यांचे, आदेशांचे आपापले वर्डचे नमुने करून ठेवले होते. मोजले तेव्हा हे नमुने, म्हणजे टेम्प्लेट आणि फॉर्म, सुमारे २१ हजार भरले. शिवाय शेकडो मॅक्रो. मॅक्रो म्हणजे कुणीतरी हुशार कर्मचाऱ्याने कधीतरी बसून लिहिलेले छोटे आपोआप चालणारे प्रोग्रॅम: बटण दाबलं की पत्ता भरतो, रक्कम मोजतो, पत्र छापायला जातो. लिहिणारा माणूस बदली होऊन गेला किंवा निवृत्त झाला, मॅक्रो मात्र रोज चालू आहे आणि तो काय करतो हे कुणालाच नीट ठाऊक नाही. हे सगळं मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आतल्या भाषेत लिहिलेलं. ओपनऑफिसमध्ये ते तसंच्या तसं चालत नाही.

कुठल्याही संस्थेत नवी खरेदी करायची तर आधी ही मोजणी व्हायला हवी. किती संगणक आहेत हे स्टॉक रजिस्टरमध्ये असतं. त्या संगणकांवर कामाची कोणती घडी बसली आहे, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

मराठी कार्यालयांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख अशा फॉण्टांत मजकूर टाइप केला. एका संस्थेच्या खरेदी समितीवर मी होतो, तेव्हा आम्ही संगणकांचा वेग, हार्ड डिस्क, मॉनिटरचा आकार, हमीची वर्षं यांवर तीन बैठका घातल्या. नवे संगणक आले, बसवले, आणि मग कळलं की जुन्या सभांची इतिवृत्तं उघडली की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. जुना फॉण्ट आणि त्याचा कीबोर्ड-प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर बसत नव्हता. एक जुना संगणक केवळ त्या फायली वाचायला कोपऱ्यात ठेवावा लागला, आणि एका लिपिक बाईंनी महिनोन्महिने वेळ मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून काढला. त्यांच्या त्या कामाची किंमत आमच्या एकाही कागदावर नव्हती. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण विचारायला हवं ते साधं होतं: ‘आपल्या जुन्या फायली यात उघडतील का?’ तो प्रश्न त्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारला असता, पण त्यांना बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं.

म्युनिकने या बाबतीत चांगलं काम केलं, हे सांगायलाच हवं. नमुने एकेक करून तसेच्या तसे नव्या प्रणालीत ढकलले नाहीत. कोणता नमुना वापरात आहे, कोणता मेलेला आहे, कोणते दहा नमुने खरं तर एकच आहेत हे खात्याखात्यांतून पाहून घेतलं आणि संख्या खूप खाली आणली. मॅक्रो तर बरेचसे मोडीत काढले. नमुने सांभाळण्यासाठी वोल्मुक्स नावाचं साधन त्यांच्याच लोकांनी लिहिलं. लेटरहेड, खात्याचा पत्ता, सही करणाऱ्याचं नाव या गोष्टी एकाच जागी ठेवायच्या आणि पत्र तयार होताना त्या आपोआप भरल्या जायच्या. २००८ मध्ये ते मुक्त परवान्याखाली इतरांसाठीही खुलं केलं.

पण याच मोजणीत दुसरी एक गोष्ट उघडी पडली. महापालिकेचा एक संगणक विभाग असेल असं बाहेरच्याला वाटेल. तिथे तसे वीसहून अधिक निघाले. प्रत्येक मोठ्या खात्याचा स्वतःचा. प्रत्येकाची विंडोज बसवायची पद्धत वेगळी, सुरक्षेचे नियम वेगळे, वापरकर्त्यांची नोंद ठेवायची तऱ्हा वेगळी. सगळीकडचे मिळून तीनशेहून अधिक खास प्रोग्रॅम, त्यांतले बरेच एकच काम दोनदा-तीनदा करणारे. म्हणजे ‘म्युनिकचं विंडोज’ असं काही नव्हतंच. वीसेक वेगवेगळी घरं होती आणि सगळ्यांना एकच चूल वापरा असं सांगायचं होतं.

लिनक्स बसवणाऱ्या गटाला हे सगळं आधी एका रांगेत आणावं लागलं. त्यात वेळ गेला, पैसा गेला, आणि लोकांचा रोषही त्यांच्याच वाट्याला आला. आपला जुना प्रोग्रॅम गेला, आपली प्रिंटरची सोय बदलली, आपल्या खात्याचा संगणकवाला आता स्वतः ठरवू शकत नाही, या सगळ्याचं नाव कर्मचाऱ्यांच्या तोंडी एकच झालं: लिमक्स.

कुणाचा हिशेब खरा?

नोव्हेंबर २०१२ मध्ये महापालिकेने हिशेब मांडला. विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर राहिलो असतो तर सुमारे ३ कोटी ४० लाख युरो लागले असते, लिमक्सला सुमारे २ कोटी ३० लाख लागले. म्हणजे १ कोटीहून अधिक युरो वाचले. यात परवान्यांचे पैसे होतेच, पण हार्डवेअरही होतं. विंडोजची नवी आवृत्ती घेतली असती तर जुन्या संगणकांपैकी पुष्कळ बदलावे लागले असते. लिनक्स त्याच यंत्रांवर आणखी काही वर्षं चाललं.

जानेवारी २०१३ मध्ये दुसरा हिशेब पुढे आला. तो ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीने केला होता आणि मायक्रोसॉफ्टने करवून घेतला होता. त्यात लिनक्सचा खर्च ६ कोटी युरोंच्या वर आणि विंडोजचा १ कोटी ७० लाख युरो दाखवला होता.

एकच महापालिका, तेच संगणक, आणि उत्तरं एकमेकांच्या उलट. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण आकड्यांच्या मागे गेलं की वाद वेगळ्या जागी सापडतो. ह्यूलेट-पॅकार्डच्या हिशेबात महापालिका एनटी ४ वरून विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ वर गेली असती असं धरलं होतं. महापालिकेच्या हिशेबात तुलना विंडोज ७ शी होती. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपायचीच होती, म्हणजे एक्सपीवर गेलेल्या कार्यालयाला २०१३ मध्ये पुन्हा नवी खरेदी करणं आलंच. ती दुसरी खरेदी हिशेबात धरायची की नाही? दुसरा मुद्दा, वीसेक संगणक विभाग एका रांगेत आणण्याचा खर्च. तो लिनक्सचा खर्च म्हणायचा का? विंडोजवर राहिले असते तरी तो कधीतरी करावाच लागला असता.

माझ्या मते महापालिकेचा हिशेब जास्त प्रामाणिक होता, कारण त्यात पुढच्या सक्तीच्या बदलाचा खर्च आला होता. पण त्यातही एक खाच होती. कर्मचाऱ्याला नवी सवय लागेपर्यंत जाणारा वेळ, बाहेरून आलेली वर्डची फाइल नीट न दिसल्यामुळे करावी लागलेली फेरदुरुस्ती, खात्यातल्या संगणकवाल्याला आलेले फोन, हे दोन्ही बाजूंच्या हिशेबात कुणाला नीट बसवता येत नव्हतं. हा खर्च तिजोरीतून जात नाही, म्हणून तो दिसत नाही. तो लोकांच्या मनात साठत जातो आणि कधीतरी मतदानाच्या रूपाने बाहेर येतो.

डिसेंबर २०१३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सुमारे साडेपंधरा हजारांपैकी १४,८०० च्या वर संगणक लिमक्सवर होते. ठरलेल्या लक्ष्याहून हे जास्तच. त्याच वर्षी एक्सपी बंद होणार म्हणून शहरातल्या नागरिकांना जुन्या घरगुती संगणकांवर चढवायला उबुंटूच्या सीडी ग्रंथालयातून वाटल्या गेल्या, हे मला फार आवडलं. स्वतःला जे जमलं ते गावालाही देऊ करणं ही भावना खरेदीच्या कागदांत क्वचित दिसते.

मेल आणि कॅलेंडर

प्रकल्पातून एक गोष्ट सुरुवातीपासून बाजूला राहिली होती. ईमेल, कॅलेंडर आणि फोनवर ते दोन्ही दिसण्याची सोय. २००३ साली ही चूक म्हणता येणार नाही. तेव्हा अधिकाऱ्याच्या खिशातल्या फोनवर कचेरीची मेल सहसा येत नव्हती. पण २००७ नंतर स्मार्टफोन आले आणि काही वर्षांत बैठकीची वेळ फोनवर दिसणं ही सगळ्यांची रोजची गरज झाली. महापालिकेची मेल आणि कॅलेंडर मात्र जुन्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रणालींवर चालू राहिली. नवी एकत्र प्रणाली, कोलाब नावाची, निवडली गेली ती लिमक्सचा मुख्य प्रकल्प संपत आला तेव्हा, आणि प्रत्यक्ष यायला आणखी वेळ लागला.

२०१४ मध्ये महापौर बदलले. वीसहून अधिक वर्षं पदावर असलेले ऊडे गेले आणि त्यांच्याच पक्षाचे डीटर राइटर आले. नव्या नेतृत्वाची पहिली तक्रार फोनचीच होती: अधिकृत फोनला मेल जोडून मिळायला आठवडे लागले. महापालिकेतला सर्वांत वरचा माणूस पहिल्याच महिन्यात जिथे अडखळला, ती जागा लिनक्सची नव्हती. फोनवर मेल येणं किंवा न येणं टेबलावरच्या संगणकात कोणती प्रणाली आहे यावर ठरत नाही. पण लिमक्स हे नाव तोवर सगळ्याच त्रासाला चिकटलं होतं.

मोठ्या खरेदीत हा धोका नेहमी असतो आणि तो तांत्रिक अहवालात लिहिता येत नाही. सगळ्यांना दिसणारा एक मोठा बदल केला, की पुढची कित्येक वर्षं कुठेही काहीही बिघडलं तरी दोष त्या बदलाकडे जातो. म्हणून बदलासोबत लोकांना रोज हवीशी वाटेल अशी निदान एक सोय द्यावी लागते, जी आधी नव्हती. म्युनिकमध्ये ती सोय मेल आणि कॅलेंडर असू शकली असती. माझ्या दृष्टीने नियोजनातली ही सर्वांत महागात पडलेली चूक आहे.

राइटर यांच्याबद्दल लिहिताना दुसरी बाजूही नोंदवायला हवी. महापौर होण्याआधी शहराच्या श्रम आणि अर्थव्यवस्था खात्याचे प्रमुख असताना मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिकच्या हद्दीत आणण्याच्या कामात ते होते आणि २०१६ मध्ये ते मुख्यालय शहरात आलं. यावरून पुष्कळ संशय घेतले गेले. हितसंबंध दिसतात, पण कर्मचाऱ्यांची नाराजी खोटी होती असं त्यातून सिद्ध होत नाही. ती नाराजी नसती तर नुसत्या हितसंबंधांवर नगरपरिषदेचं मत फिरवणं कठीण गेलं असतं.

दुसरा सल्लागार, दुसरा ठराव

२०१६ मध्ये महापालिकेने पुन्हा बाहेरून अभ्यास करवून घेतला. या वेळी अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीकडून. अ‍ॅक्सेंचर आणि मायक्रोसॉफ्ट यांची अवानाड ही संयुक्त कंपनी आहे, त्यामुळे सल्लागाराच्या निवडीवर टीका झाली आणि ती रास्त होती. पण अहवाल वाचल्यावर जे हाती लागतं ते टीकाकारांनाही अनपेक्षित असेल. सर्वांत मोठी अडचण संगणक विभागांच्या रचनेत आहे, असं त्यात म्हटलं होतं. जबाबदाऱ्या वाटल्या गेलेल्या, निर्णय कोण घेणार ते अस्पष्ट, आणि त्यामुळे नव्या आवृत्त्या वेळेवर न पोहोचणं. म्हणजे जी गोष्ट २००४ च्या आसपास मोजणीत दिसली होती, तीच बारा वर्षांनी पुन्हा लिहिली गेली. मधे २०१२ पासून आयटी-अ‍ॅट-एम ही महापालिकेची मध्यवर्ती सेवा उभी राहिली होती, पण खात्यांची स्वतंत्र घरं पुरती मोडली नव्हती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा आराखडा मागवला. आयटी-अ‍ॅट-एमच्या प्रमुखांनी त्या काळात जाहीरपणे सांगितलं होतं की परत फिरण्यासाठी कोणतंही मोठं तांत्रिक कारण त्यांना दिसत नाही. तरी २३ नोव्हेंबर २०१७ रोजी ठराव झाला: २०२० च्या अखेरपर्यंत सगळीकडे विंडोज १०, सुमारे २९ हजार संगणक, खर्च ४ कोटी ९३ लाख युरो. संगणक विभागांची फेररचना धरून एकूण ८ कोटी युरोंच्या वर.

लिनक्स वाईट की विंडोज वाईट हा वाद इथे मला गौण वाटतो. मला खटकतो तो ठरावाचा आकार. रोग रचनेत आहे असं निदान हातात आलं होतं. मग आधी रचना दुरुस्त करून वर्ष-दोन वर्षं थांबता आलं असतं. त्यानंतरही लिमक्स अडचणीचं ठरलं असतं, तर बदलायला कुणाची हरकत नव्हती. महापालिकेने दोन्ही एकदम केलं. त्यामुळे पुढे कामकाज सुधारलं तर ते नव्या रचनेमुळे की नव्या विंडोजमुळे, हे कुणालाही कधीच सांगता येणार नाही. चार-पाच कोटी युरो देऊनही त्या खर्चातून शिकण्यासारखं उत्तर मिळू नये, याची मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खंत वाटते.

लिमक्सच्या बाजूच्या लोकांचीही एक जबाबदारी होती. २०१३ मध्ये ‘प्रकल्प पूर्ण’ असं जाहीर करणं प्रशासनाच्या भाषेत ठीक आहे. पण प्रकल्प संपला की प्रकल्पाचा गट विरतो, लक्ष उडतं, निधी दुसरीकडे वळतो. खात्यांनी नव्या आवृत्त्या बसवणं लांबवलं, आणि वापरणाऱ्याला जे दिसत होतं ते दर वर्षी थोडं थोडं जुनं होत गेलं. शेजारच्या घरात नवा संगणक पाहणारा कर्मचारी कचेरीत येऊन जुनाट पडद्याकडे पाहत होता. परवाना मुक्त असला तरी नवी आवृत्ती तपासायला, बांधायला आणि पोहोचवायला माणसं लागतात. विंडोजच्या बाबतीत ती माणसं दुसऱ्याच्या पगारावर असतात आणि त्यांचे पैसे परवान्यात घातलेले असतात. मुक्त प्रणाली घेतली की ती माणसं आपल्या आस्थापनेवर घ्यावी लागतात, कायमची. म्युनिकने ती सुरुवातीला घेतली, आणि म्हणूनच १४,८०० संगणकांपर्यंत पोहोचलं.

त्यानंतर

मे २०२० मध्ये हरित पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट यांची नवी आघाडी म्युनिकमध्ये आली. त्यांच्या करारात वाक्य होतं की जिथे तांत्रिक आणि आर्थिक दृष्ट्या शक्य असेल तिथे महापालिका मुक्त सॉफ्टवेअर वापरेल आणि सार्वजनिक पैशांतून लिहिलेला कोड सार्वजनिक राहील. ठराव पुन्हा फिरवून सगळे संगणक परत लिनक्सवर नेण्याचा घाट मात्र कुणी घातला नाही. २०२४ मध्ये जर्मनीच्याच उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपले सुमारे ३० हजार संगणक आधी लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचं जाहीर केलं. त्यांनी मेल आणि कॅलेंडर मागे ठेवलं नाही. ते बदलणं याच योजनेचा भाग होतं.

म्युनिकने ज्या विंडोज १० साठी २०१७ मध्ये पैसे मंजूर केले, त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, आणि व्यवस्थित चालणारे लाखो जुने संगणक त्या अटीत बसत नाहीत. आपल्याकडच्या शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायती यांच्या टेबलांवर त्यांतले पुष्कळ आहेत. खरेदी समितीची पुढची बैठक त्यांच्याबद्दल असेल, आणि त्या बैठकीला रोज त्या यंत्रावर बसणाऱ्या लिपिकालाही बोलावलेलं असावं.